इव्हॉल्व म्हणजे कोणता वॉल?

आमच्या दुकानात एक लोखंडी डबा आहे. पाइपांचा उरलेला टी, एकटा पडलेला एल्बो, कशालाच न बसणारं वॉशर, असलं सगळं त्यात पडतं. फेकवत कुणाला नाही आणि कामाला काही येत नाही. किश्श्यांचंही तसंच आहे. रोज एखादा पडतो, आपण "हं" म्हणून पुढं जातो, आणि एक दिवस बघावं तर डब्याचं झाकणच बसत नाही. माझा डबा सध्या तसा भरलाय, आणि आतला सगळा माल एकाच शब्दाचा आहे. इंग्रजी शब्द. इव्हॉल्व.

आधी दुकानाचं सांगते, नाहीतर तुम्ही मध्येच विचाराल. पिंपळगाव बसवंतला, हायवेपासून जरा आत, आमचं ठिबकचं दुकान आहे. आमचं म्हणजे अण्णांचं. मी तिथं नोकरीला. रोज आडगाव नाक्यावरून एसटी पकडायची, पिंपळगावला उतरायचं, दिवसभर बिलं करायची आणि शेतकऱ्यांशी बोलायचं. आम्ही पाइप विकतो, नळ्या विकतो, फिल्टर विकतो आणि वॉल विकतो. वॉल म्हणजे व्हॉल्व, पाणी चालू-बंद करायचा. इकडे त्याला वॉलच म्हणतात. भिंतीला भिंत म्हणतात, त्यामुळे कधी गोंधळ झाला नाही. गोंधळ व्हायला रोहनला एमबीए व्हावं लागलं.

रोहन म्हणजे अण्णांचा मुलगा. मी त्याला शाळेच्या चड्डीत पाहिलाय, काउंटरवर बसून खारी खाताना. पोरगा वाईट नाही. हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढं मी त्याच्याबद्दल जे बोलणार आहे त्यावरून तुमचा तसा समज होईल.

*

गेल्या वर्षी अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. महिनाभर ते घरी होते. त्या महिन्यात शेतकरी दारात यायचे, आत डोकवायचे, "अण्णा नाय का? मंग येतो परत," म्हणून मोटरसायकल वळवायचे. समोर रोहन उभा असायचा, हसत. "या ना काका," म्हणायचा. काका गेलेले असायचे.

त्याचं कारण आमच्या काउंटरच्या टोकाला असलेलं लाकडी स्टूल. अण्णा त्यावर बसतात. शेतकरी येतो, खिशातून तुटका तुकडा काढतो, अण्णा तो डोळ्यांजवळ धरून विचारतात, "उंदरानं कुरतडली की कुदळ लागली?" मग उंदरांवर अर्धा तास, जावयावर अर्धा तास, आणि शेवटी दोन मिनिटांत पाच एकराचं सामान. हा आमचा धंदा.

रोहनच्या ते मनाला लागलं, आणि लागणारच. त्याचं म्हणणं, दुकान एका स्टुलावर चालतं, उद्या स्टूल रिकामं झालं तर आपण काय करायचं? म्हणणं चूक नव्हतं. पण त्यानं इलाज काय काढला? पुण्याहून एक सल्लागार आणला. दुखणं रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय!

*

सल्लागारांना सगळे नुसतं "सर" म्हणायचे, म्हणून मीही सरच म्हणते. पहिल्या मीटिंगला शटर अर्धं ओढून आम्ही सगळे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. सर उभे राहिले आणि म्हणाले, "वी ऑल नीड टू इव्हॉल्व."

आमचे फिटर सलीमभाई मागे बसले होते. मूळचे मालेगावचे, इथं येऊन केस पिकले, पण चिडले की हिंदी. ते म्हणाले, "सर, मैं तो पहलेसेच इन्व्हॉल्व हूँ. नाहीतर पाइप कोण टाकतंय?"

सर म्हणाले, "इन्व्हॉल्व नाही हो. इव्हॉल्व. म्हणजे हळूहळू बदलत जाणं. इतकं हळूहळू की कुणाला कळणारसुद्धा नाही."

सलीमभाई माझ्या कानाशी आले. "म्हणजे न सांगता?"

अण्णांना ऐकायला जरा कमी येतं. त्यांनी रिव्हॉल्व ऐकलं. म्हणाले, "फिरती खुर्ची मला नको. एकदा बँकेत बसलो होतो, मॅनेजरकडं पाठच झाली."

मग सरांनी पडद्यावर एक चित्र लावलं. त्यात एक बाण होता. बाणाच्या एका टोकाला लिहिलं होतं "काउंटर" आणि दुसऱ्या टोकाला "मेंटॉर". मधे अण्णांचा फोटो. दसऱ्यापासून अण्णा वरच्या मजल्यावर बसणार. तिथं केबिन होणार, एसी बसणार, सोफा येणार. खाली रोहन बघणार.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "रोहन, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला जिना? ही कोणती सुधारणा?"

"मंदाताई, खाली ते दिवसातून पन्नास वेळा स्टुलावरून उठतात. डॉक्टर ओरडलेत. वर बसले की एकदा वर, एकदा खाली."

डॉक्टर खरंच ओरडले होते. मी सोबत गेले होते तेव्हा माझ्यावरही ओरडले होते.

अण्णांनी बाणाच्या टोकाकडं बोट केलं. "मेंटॉर म्हणजे काय रे?"

"मार्गदर्शक, अण्णा."

"अरे, मार्ग तर खालून जातो," अण्णा म्हणाले.

पण नाही म्हणाले नाहीत. मुलाला चारचौघांत नाही म्हणायची त्यांना सवय नाही. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली, दसरा आला की ते स्टूल रिकामं होणार. मला त्याचा राग राग यायचा, आणि राग काढायला समोर होता तो शब्द.

*

दुकानावर नवा बोर्ड लागला. रोहनच्या हौसेचा. खाली मोठ्या अक्षरांत, मराठीतून, कारण शेतकऱ्यांना कळलं पाहिजे: "आमच्यासोबत इव्हॉल्व व्हा!"

दुसऱ्याच दिवशी देवळ्याचे भिका आप्पा आले. कांद्याचे मोठे बागायतदार, अण्णांचे जुने गिऱ्हाईक, बोलण्यात अहिराणीचा वास. बोर्डाखाली उभं राहून त्यांनी टोपी मागं सरकवली, दोनदा वाचलं आणि आत येऊन मला म्हणाले, "ताई, हाऊ ई-वॉल कितलाले शे?"

मला आधी कळेनाच. मग कळलं, हा ई-वॉल केवढ्याला आहे, असं विचारतायत. ई-पीक, ई-सेवा, ई-केवायसी, तसा ई-वॉल. हल्ली जे जे नवं येतं त्याच्यामागं ई असतोच, मग वॉलनंच काय पाप केलंय?

मी म्हटलं, "आप्पा, ते तसं नाही. तो शब्द आहे."

"मोबाईलवर चालतो ना? घरी बसल्या बसल्या पानी बंद?"

"आप्पा, तो वॉल नाहीये."

"आसं कसं? बोर्ड लावलाय आन माल नाय?"

मी रोहनला हाक मारली. रोहननं त्यांना बसवून समजावलं, की इव्हॉल्व म्हणजे काळाप्रमाणे हळूहळू स्वतःत सुधारणा करत जाणं. आप्पांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग स्टुलाकडं वळून अण्णांना विचारलं, "पोरगं काय म्हनतंय?"

अण्णा म्हणाले, "म्हणतोय, हळूहळू येईल."

"मंग ठीक हाय. आला का मला आधी कळवा. दोन घेऊन ठेवतो."

त्या आठवड्यात ई-वॉल विचारायला इतकी माणसं आली की मी मोजणं सोडलं. एकानं तर विचारलं, रेंज गेली तर पाणी चालू राहतं की बंद होतं. मी म्हटलं, आमच्याकडे सध्या सगळ्यांची रेंज गेलेली आहे.

*

बोर्डानं काम होईना, तेव्हा सरांनी शेतकरी मेळावा घ्यायला सांगितला. मंगल कार्यालय घेतलं, जिलेबी-मठ्ठा ठेवला. रोहननं रात्रंदिवस बसून स्लाइड केल्या होत्या. इव्हॉल्व म्हणजे काय ते सुरवंटाच्या गोष्टीतून सांगायचं, असं सरांनी ठरवलं होतं.

माझं सरांना आणि रोहनला एकच विचारणं आहे. समोर द्राक्षवाले बसलेत, टोमॅटोवाले बसलेत. त्यांना तुम्ही पानावरचा सुरवंट दाखवता?

पहिली स्लाइड लागली. हिरवं पान, त्यावर हा एवढा सुरवंट. रोहन हसून म्हणाला, "सांगा बरं, हे काय आहे?"

सगळं कार्यालय एका आवाजात म्हणालं, "अळी!"

झालं. पुढच्या रांगेतल्या एकानं विचारलं, ही पानं खाणारी की पोखरणारी. दुसरा म्हणाला, पानाच्या खालून बघायला पाहिजे. तिसऱ्यानं औषधाचं नाव सांगितलं, चौथा म्हणाला त्यानं काही होत नाही, मी दोनदा मारलं. दोघं उठून पडद्याजवळ गेले आणि अळीच्या पाठीवरचे पट्टे बघायला लागले. रोहन माइकमधून "काका, पुढं बघा, पुढं बघा" म्हणत होता. पुढं बघायला कुणी तयार नव्हतं. पिकात अळी निघाल्यावर कोण पुढं बघतं?

अर्ध्या तासानं त्यानं कशीबशी शेवटची स्लाइड लावली. रंगीत, पंख पसरलेलं फुलपाखरू. वर अक्षरं होती, "इव्हॉल्व!"

मग मागच्या रांगेतून एक म्हातारे गृहस्थ सावकाश उठले आणि फार सहानुभूतीनं म्हणाले, "भाऊ, फुलपाखरू झालं म्हंजे तुमचा फवारा चुकला."

*

तेव्हा रोहनच्या लक्षात आलं की शब्द मराठीत पाहिजे. आणि मराठी म्हटलं की मी. मी एम.ए. मराठी आहे ही गोष्ट या दुकानात एरवी कुणालाही आठवत नाही. बिलावर नळीला "लॅटरल" लिहायला एम.ए. लागत नाही. पण शब्द अडला की सगळ्यांना माझी पदवी दिसते.

मी सांगितलं, "उत्क्रांती." शब्दकोशात तोच आहे. रोहन खूश. लगेच फ्लेक्सवाल्याला फोन, "आमची उत्क्रांती" असं मोठं लिहा आणि शोभेल असं चित्र टाका. फ्लेक्सवाला पण शिकलेला निघाला. त्याला बरोबर ठाऊक होतं की उत्क्रांती म्हणजे माकड, मग वाकलेला माणूस, मग सरळ माणूस, मग खांद्यावर पाइप घेतलेला माणूस. त्यानं फक्त एक विचारलं. "सर, संस्थापकांचा फोटो सुरुवातीला घेऊ की शेवटी?"

रोहन घाईत होता. म्हणाला, "संस्थापक म्हणजे सुरुवातीलाच येणार ना!"

फ्लेक्स आला. सलीमभाईंनी उलगडला. उलगडता उलगडता थांबले आणि परत गुंडाळायला लागले. अण्णा म्हणाले, "दाखव की."

दाखवावा लागला. पहिल्या माकडाच्या खांद्यावर अण्णांचं डोकं होतं. फेटा बांधलेलं, सत्कारातलं.

अण्णांनी चष्मा लावून नीट पाहिलं. "फेटा चांगला आलाय," म्हणाले.

*

उत्क्रांती बाद झाली. विकास हा शब्द आधीच बाद होता, कारण आमच्या टेम्पोच्या ड्रायव्हरचं नाव विकास, आणि "विकास कुठपर्यंत आला?" हे मी दिवसातून तसंही दहादा विचारते. मी स्थित्यंतर सुचवला. सलीमभाईंनी तो दोन-तीनदा म्हणून बघितला आणि मला विचारलं, "मॅडम, अंतर म्हणता, ते किती फूट?" त्यांचा दोष नाही. ज्याला आयुष्यभर दोन नळ्यांमधलं अंतर मोजायचं आहे त्याला तुम्ही दुसरं काय ऐकवणार?

शेवटी रोहननं स्वतःच शब्द निवडला. परिवर्तन. छोटा, सोपा, सगळ्यांना माहीत असलेला. तिथंच चुकलं. तो सगळ्यांना फारच माहीत होता.

"आता परिवर्तन!" असा फ्लेक्स, त्यावर अण्णांचा हात जोडलेला फोटो. नेमकी गावातल्या सोसायटीची निवडणूक तोंडावर. आमच्याकडे निवडणूक म्हटली की एक परिवर्तन पॅनल असतंच, सोसायटी कुठलीही असो. दुपारपर्यंत गावभर झालं की अण्णा उभे राहतायत. चार माणसं पाठिंबा द्यायला आली, दोन माणसं जात-भावकीचं गणित मांडायला आली. संध्याकाळी एक उमेदवार स्वतः आले, पांढरे कपडे, चेहरा उतरलेला. अण्णांच्या स्टुलापाशी उभे राहून म्हणाले, "अण्णा, तुमच्यापुढं मी काय बोलू? पण एवढ्या बारीला अर्ज मागं घ्या."

अण्णांनी अर्ज भरलेलाच नव्हता. अण्णांनी त्यांच्याकडं पाहिलं, रोहनकडं पाहिलं, आणि म्हणाले, "घेतला."

उमेदवार रडायचेच बाकी होते. दुसऱ्या दिवशी पेढे आले. एवढ्या सगळ्या परिवर्तनातून दुकानाला झालेला फायदा म्हणजे ते पेढे.

*

मराठीनं दगा दिला म्हणून गाडी परत इव्हॉल्ववर आली, आणि आता ती आमच्या मोबाईलमध्ये शिरली. सरांच्या सल्ल्यानं व्हॉट्सअॅपवर ग्रुप निघाला. रोज संध्याकाळी प्रत्येकानं लिहायचं, आज मी कसा इव्हॉल्व झालो.

मला सांगा, सकाळी सातची एसटी पकडून आलेली, दिवसभर बिलं केलेली बाई संध्याकाळी कशी काय इव्हॉल्व होणार? मी घरी जाऊन पोळ्या लाटते. मी रोज अंगठा पाठवायचे.

सलीमभाई मात्र इमानदारीनं लिहायचे. त्यांनी त्या शब्दाचा आपला एक अर्थ लावून घेतला होता. एका संध्याकाळी त्यांचा मेसेज आला: "आज हरसूलला इव्हॉल्व झालो. दोन वॉल, एक फिल्टर. घाटात टेम्पो बंद पडला. परत यायला उशीर, उद्या इव्हॉल्व होणार नाही."

त्यावर सरांनी पुण्याहून टाळ्या पाठवल्या.

अण्णांकडं साधा फोन आहे. ग्रुपमध्ये ते नव्हते. पण त्यांना रोज माझ्याकडून सगळ्यांचे मेसेज वाचून घ्यायचे असत. एकदा ऐकून झाल्यावर म्हणाले, "मंदा, माझं पण लिही. आज होतो तसाच आहे. बरा आहे."

मी ते पाठवलं नाही. पाठवायला हवं होतं असं वाटतं. दसरा आठवड्यावर आला होता.

*

दसऱ्याला पूजा झाली, आपट्याची पानं वाटून झाली. रोहननं वरच्या केबिनची फीत अण्णांच्या हातून कापून घ्यायची ठरवली होती. दारावर पितळी पाटी, "मेंटॉर". हार घातलेली. मी पाटीकडं बघितलंच नाही.

अण्णा जिन्यापाशी आले आणि थांबले. चाळीसएक वर्षं त्या दुकानाचा मालक असलेला माणूस मला विचारतो, "मंदा, चपला इथं काढू की वर?"

सलीमभाई तोंड फिरवून बाहेर टेम्पोकडं गेले.

अण्णाच म्हणाले, "इथंच काढतो. जाताना लागतील." आणि कठड्याला धरून एकेक पायरी चढत वर गेले. खाली स्टूल तसंच होतं. त्या दिवशी जेवणाचे डबे आम्ही उघडले आणि परत बंद केले. रोहनचाही डबा तसाच परत गेला, हे मी पाहिलंय.

*

आता यापुढं मी कुणाचाही दोष सांगणार नाही. जे जे वर गेलं ते ते रोहनला विचारून गेलं.

चौथ्या-पाचव्या दिवशी निफाडकडचे एक म्हातारे आले, तुटका जॉइनर घेऊन. स्टुलाकडं बघितलं, रोहनकडं बघितलं, म्हणाले, "जरा अण्णांना रामराम करून येतो." चपला जिन्याशी काढल्या आणि वर गेले. तासाभरानं खाली आले ते माझ्यासाठी सामानाची यादी तोंडपाठ करून.

मग अण्णांचा निरोप आला. सोफ्यात बसलं की गुडघ्यामुळं उठता येत नाही, स्टूल तेवढं वर पाठव. रोहनला विचारलं. स्टुलाला कोण नाही म्हणणार? गेलं वर.

येणारा माणूस तुटका तुकडा दाखवणार, त्याला चांगला कुठला ते दाखवायला नको? म्हणून भिंतीवरचा नमुन्यांचा फळा वर गेला. माणसं बसायला लागली की पाणी लागतं. माठ वर गेला. माठ गेला म्हणून चहावाला थेट वर जायला लागला. द्राक्षांच्या छाटणीचे दिवस, गर्दी मरणाची, आणि मी प्रत्येक बिलासाठी जिना चढ-उतर करतेय. शेवटी माझेच गुडघे बोलायला लागले. मी रोहनला म्हटलं, "कॉम्प्युटर छाटणीपुरता वर नेऊ का?"

"छाटणीपुरताच ना?"

"छाटणीपुरताच," मी म्हटलं.

कॉम्प्युटरबरोबर मी गेले. माझ्याबरोबर कॅलेंडर गेलं. वरून अण्णांनी मागच्या गॅलरीतून हाक मारली की खाली गोडाऊनमधून सलीमभाई माल काढून द्यायचे, त्यामुळं त्यांनाही पुढं यायचं कारण उरलं नाही. शेवटी फक्त तो काउंटरखालचा लोखंडी डबा राहिला होता. तोही एका शेतकऱ्याला जुन्या मापाचं वॉशर हवं होतं म्हणून गेला, आणि तिथंच राहिला.

सोफा कुणी वापरत नव्हतं. तो अण्णांनी खाली पाठवून दिला.

*

दिवाळी झाली, आणि पुण्याचे सर आढाव्याला आले.

खाली नवा काचेचा काउंटर होता, पुसून लख्ख. त्यामागं रोहन. समोर सोफा, सोफ्यावर सर. आणखी कुणी नाही. जिन्याच्या पायथ्याशी मात्र चपलांचा हा एवढा ढीग. कोल्हापुरी, रबरी, चिखलाची, एक जोड गमबूट. वरून हसण्याचा आवाज येत होता. मी कागद न्यायला खाली उतरले होते, तेवढ्यात दारात भिका आप्पा उभे. कांद्याच्या रोपांमुळं मध्ये बरेच दिवस त्यांची फेरी झाली नव्हती.

आप्पांनी स्टुलाची जागा बघितली. फळ्याची भिंत बघितली. माठाचा कोपरा बघितला. टोपी मागं सरकवली आणि रोहनला विचारलं, "भाऊ, दुकान कुठं गेलं?"

सर रोहनकडं बघायला लागले. रोहननं सरांकडं बघितलं, चपलांच्या ढिगाकडं बघितलं, आणि जिन्याकडं बोट केलं.

"वर," तो म्हणाला. "हळूहळू इव्हॉल्व झालं."

आप्पांचा चेहरा उजळला. त्यांनी घाईघाईनं चपला काढल्या, ढिगात सारल्या आणि कठडा धरून पहिल्या पायरीवरूनच वर हाक दिली.

"अण्णा, माझे दोन वॉल बाजूला ठेवा!"